राख ओढणारा खडा आणि न्हाणीघरातला दिवा

मागल्या वैशाखात नागपूरच्या घरी मध्यरात्री अण्णांनी न्हाणीघरातून हाक मारली, ‘अरे, लाइट गेली का?’ लाइट गेली नव्हती. माणूस आला की लागणारा आणि गेला की विझणारा नवा दिवा आम्ही हौसेने बसवला होता. ८१ वर्षांचे अण्णा आत स्वस्थ बसून राहिले आणि तो विझला. अंधारात उठताना त्यांचा तोल गेला. नळ हाताशी लागला म्हणून निभावले. दिव्यात बिघाड नव्हता. त्याची कुळकथा पाहिली, तर तो स्वभावाला धरूनच वागला होता.

ही कुळकथा श्रीलंकेत सुरू होते. अठराव्या शतकाच्या आरंभी डचांनी तिथून टूर्मलीन हा खडा युरोपात नेला. त्याचे नावही सिंहली ‘तोरमल्ली’वरून आलेले. तापवला की हा खडा राख जवळ ओढी, म्हणून डच त्याला ‘राख ओढणारा’च म्हणत. तापलेल्या खड्याच्या दोन टोकांवर परस्परविरुद्ध विद्युतभार असतो, हे फ्रान्झ एपिनसने १७५६ साली दाखवले. पण आपल्या दिव्याच्या दृष्टीने खरा शोध १७५९चा आणि तो लंडनच्या एका शाळामास्तराचा, जॉन कँटनचा. खडा गरम आहे एवढ्याने भार निर्माण होत नाही. तो गरम किंवा थंड होत असताना होतो, आणि थंड होताना टोकांचे भार उलटतात. स्थिर उष्णता या खड्याला कळतच नाही! डेव्हिड ब्रूस्टरने १८२४ साली या गुणाला ‘पायरोइलेक्ट्रिसिटी’ असे नाव दिले.

त्याच्या आदल्याच वर्षी फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपगृहात ऑगस्तँ फ्रेनेलचे कंगोऱ्यांचे भिंग बसले होते. आज सेन्सरवर दिसणारी दुधी प्लॅस्टिकची वाटी हे त्याच भिंगाचे नातवंड. दीपगृहातले भिंग प्रकाश बाहेर फेकी. ही वाटी अंगातून निघणारी अवरक्त किरणे आत गोळा करते आणि खोलीचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पाडते. आतल्या स्फटिकाचे दोन तुकडे एकमेकांविरुद्ध जोडलेले असतात. खोली एकसारखी तापली तर दोघांचे संकेत परस्परांना खोडतात. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की मात्र दिवा लागतो.

हे सारे जुळवले गेले ते मुख्यतः घरफोड्यांसाठी. चोर चालतो, त्यामुळे गजराला तेवढे पुरले. पुढे तेच यंत्र घरच्या माणसांसाठी वापरात आले, आणि घरची माणसे तर बसतात, वाचतात, डुलक्या घेतात.

एकदा हे ध्यानी आले की दिव्याची मांडणी कशी बदलावी हे आपोआप कळते. आमचा सेन्सर दारासमोरच्या भिंतीवर होता, म्हणजे अण्णा थेट त्याच्याकडे चालत येत. पट्टे ओलांडले न जाता माणूस समोरून आला, तर तो उशिरा उमगतो. आम्ही तो बाजूच्या भिंतीवर घेतला. विझण्याची मुदत ३० सेकंदांवर होती, ती १० मिनिटांवर नेली. संवेदनशीलता वाढवून पाहिली, पण खिडकीच्या झोताने हलणारा पडदाही दिवा लावू लागला. पुन्हा एक घर खाली आणली. वैदर्भीय उन्हाळ्याचे दुखणे वेगळेच. रात्रीही भिंती कातडीइतक्याच तापलेल्या असतात. माणूस आणि भिंत यांत फरक उरला नाही की सेन्सर जवळजवळ आंधळा होतो. त्याला सेटिंगचा उतारा नाही. म्हणून आरशाखाली एक मंद दिवा रात्रभर चालूच ठेवला. वीज वाचवण्याचा हट्ट तिथे सोडला.

आता श्वासाने होणारी छातीची हालचालही टिपणारे रडारचे सेन्सर मिळतात. लाटा सोडून त्यांच्या परतीतला फरक ओळखण्याची त्यांची रीत जुनीच. १९५०च्या सुमारास अमेरिकेत सॅम्युअल बॅग्नो यांनी ध्वनिलहरींवर चालणारा चोरगजर याच तत्त्वावर केला होता. तो सेन्सर आणू म्हटले, तर अण्णा नको म्हणाले. दिवा आता विझत नाही, तरी आत बसल्या बसल्या ते मधूनमधून हात हलवतात.