माशी, खाच आणि हलते यंत्र: रायफलीवरील नेमसाधनांची कुळकथा

नेम धरण्यासाठी बंदुकीवर बसवलेल्या आणि कोणतेही भिंग नसलेल्या धातूच्या दोन खुणांना एकत्रितपणे ‘आयर्न साइट’ असे म्हणतात. त्यांपैकी नळीच्या तोंडाजवळ उभी असणारी खूण म्हणजे माशी, अर्थात फोर साइट, आणि नेमबाजाच्या डोळ्याकडे असणारी खाच किंवा छिद्र म्हणजे बॅक साइट; डोळा, मागची खूण, माशी आणि लक्ष्य यांना जोडणाऱ्या कल्पित रेषेला नेमरेषा म्हणता येईल. या दोन खुणा घडवणे फारसे अवघड नाही. अवघड आहे ते त्यांना नळीशी कायम एकाच नात्यात ठेवणे. पाच शतकांहून अधिक जुन्या या कुळकथेत खुणांच्या आकारापेक्षा त्या कोठे आणि कशा बसवाव्यात हाच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला आणि अर्धस्वयंचलित रायफलीने त्याला सर्वांत बिकट रूप दिले.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युरोपातील तोडेदार बंदुकांवर माशी आणि खाच दिसू लागतात. भारतीय कारागिरांनी घडवलेल्या तोडेदार बंदुकांच्या नळीवरही मागे खाचेचा ठोकळा आणि पुढे उंचवटा असे. असे असूनही पुढील काळात युरोपीय सैन्यांच्या मस्केट बंदुकांवरून मागची खूण जवळजवळ नाहीशी झाली. ब्रिटिशांच्या ‘ब्राउन बेस’ या बंदुकीवर संगीन अडकवण्याचा खिळाच माशीचे काम करी, कारण गुळगुळीत नळीतून सुटणारी सैलसर गोळी दूरवर सरळ जात नसे आणि लढाईची भिस्त रांगेने एकदम केलेल्या माऱ्यावर होती. ज्या शस्त्राच्या गोळीचाच भरवसा नाही, त्याला बारीक नेमाची गरज नव्हती.

ही स्थिती नळीच्या आतील पेचदार आट्यांनी बदलली. आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि तिचा मार्ग स्थिर राहतो. अशी नळी असलेली बंदूक म्हणजेच रायफल. 1849 च्या सुमारास फ्रान्समध्ये मिनिए यांची पोकळ बुडाची गोळी पुढे आल्यावर रायफल भरणे सोपे झाले आणि 1853 च्या एनफिल्ड रायफलीवर अंतरानुसार वर सरकवता येणारी शिडीवजा बॅक साइट आली. गोळी नळीतून सुटताच गुरुत्वामुळे खाली येऊ लागते. म्हणून लक्ष्य जितके दूर, तितके नळीचे तोंड वर उचलावे लागते, आणि मागची खूण उंच केली की नेमबाजाकडून ते आपोआप घडते. त्याच वर्षी इंग्लंडमधील हाइथ येथे बंदूकविद्येची शाळा स्थापन होऊन अंतराचा अंदाज आणि साइटची मांडणी हा सैनिकाच्या शिक्षणाचा भाग बनला. या साधनाचे राजकीय मोल 1857 च्या उठावानंतर भारतात उघड झाले. एतद्देशीय शिपायांसाठी काढलेल्या एनफिल्डच्या नमुन्यात नळीतील आटे नाहीसे करण्यात आले आणि सरकत्या साइटच्या जागी साधी, न हलणारी खाच बसवली गेली. शिपायाच्या हाती बंदूक राहिली, पण तिची दूरची अचूकता राज्यकर्त्यांनी स्वतःकडे ठेवली.

दोन खुणांमधील अंतर हा या विद्येतील पुढचा कळीचा मुद्दा होय. हे अंतर 700 मिलिमीटर असेल आणि माशी धरण्यात एका मिलिमीटरची चूक झाली, तर 100 मीटरवर गोळी सुमारे 14 सेंटिमीटर बाजूला जाते. अंतर निम्मे केले तर तीच चूक दुप्पट होते. म्हणूनच मागची खूण डोळ्याजवळ नेण्याकडे कल वाढला. अमेरिकेत विल्यम लायमन यांनी 1879 मध्ये दस्त्याच्या गळ्याजवळ बसणाऱ्या छिद्राच्या साइटचे पेटंट घेतले. छिद्रातून पाहताना डोळा आपसूक त्याचा मध्य शोधतो, त्यामुळे खाच, माशी आणि लक्ष्य या तिघांऐवजी नेमबाजाला केवळ माशी आणि लक्ष्य यांवर ध्यान ठेवावे लागते. शिवाय लहान छिद्रामुळे जवळची माशी आणि दूरचे लक्ष्य दोन्ही अधिक स्पष्ट दिसतात.

अर्धस्वयंचलित रायफलीने मात्र डोळ्याजवळची नेमकी हीच जागा अडवली. अशा रायफलीत चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, परंतु रिकामे काडतूस बाहेर फेकून नवे भरण्याचे काम स्फोटातील वायूच्या किंवा धक्क्याच्या जोरावर यंत्रच करते. नळीचे मागचे तोंड बंद करणारा बोल्ट वेगाने पुढेमागे धावत असतो, वायूवर चालणाऱ्या रायफलीत नळीला वायूची नळकांडी जोडलेली असते आणि प्रत्येक गोळीगणिक सर्व भागांना हादरा बसतो. जॉन गॅरंड यांनी स्प्रिंगफील्ड येथील शस्त्रागारात सिद्ध केलेली आणि अमेरिकी सैन्याने 1936 मध्ये स्वीकारलेली एम-1 रायफल हे या पेचाचे उत्तम उदाहरण आहे. तिचे छिद्र बोल्टच्या धावपट्टीमागे, ज्या पोलादी सांगाड्यात नळी आट्यांनी घट्ट बसते त्याच सांगाड्यावर आहे. उंची आणि आडवी दिशा बदलण्यासाठी दोन बाजूंना दोन चकत्या असून प्रत्येक टिचकीला नेम सुमारे एका कलेने, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाने सरकतो, आणि हा बदल 100 यार्डांवर साधारण एक इंच होतो. तरीही आरंभीच्या रायफलींत दोन उणिवा राहिल्या. माशी तोंडावरील वायूच्या नळकांडीवर असल्याने नळकांडी सैल झाली की माशीही ढळे, आणि हादऱ्यांमुळे मागची चकती ठरवलेल्या उंचीवरून घसरे. 1940 च्या सुमारास वायू घेण्याची रचना पालटली. मागच्या चकतीसाठी युद्धकाळात आवळून धरणारी आडपट्टी आणि पुढे सुधारित चकत्या आल्या.

इतर रचनाकारांनी वेगळे मार्ग काढले. सोव्हिएत संघातील सिमोनॉव्ह यांच्या एसकेएस रायफलीत मागची खाच यंत्राच्या पुढे, थेट नळीवर गेली. त्यामुळे तिचे नळीशी नाते पक्के झाले, मात्र दोन खुणांमधील अंतर घटले. बेल्जियमच्या फाल रायफलीत उलट घडले. तिच्यापासून घेतलेली, पश्चिम बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात तयार झालेली 1ए1 ही रायफल भारतीय सेनेत आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या पोलीस दलांत ‘एसएलआर’ या नावाने परिचित झाली. हिचा सांगाडा बिजागरीने जोडलेल्या दोन भागांचा असून नळी वरच्या भागात आणि छिद्राची साइट खालच्या भागात असते. साहजिकच दोन भागांच्या सांध्यात झीज होऊन खेळ आला की नेमरेषाही तितकीच डळमळते. यूजीन स्टोनर यांच्या एआर-10 मध्ये दस्ता नळीच्या सरळ रेषेत ठेवल्याने गोळी सुटताना तोंड कमी उसळते, परंतु गाल दस्त्यावर टेकल्यावर डोळा नळीच्या बराच वर येतो. म्हणून मागची खूण उचलण्याच्या मुठीवर आणि माशी उंच आधारावर चढवावी लागली.

आज दुर्बिणी आणि लाल ठिपक्याची उपकरणे सर्वत्र आली आहेत, आणि 1995 मध्ये अमेरिकी सैन्याने प्रमाणित केलेल्या खाचदार पट्टीवर घडी होणारी माशी आणि छिद्र हवे तेव्हा बसवता किंवा काढता येते. ही सोय मोठी असली तरी जुना नियम तिलाही लागू आहे: मागची खूण सांगाड्यावर आणि माशी नळीभोवतीच्या आच्छादनावर असेल, तर ते आच्छादन नळीशी पक्के असल्याखेरीज नेम टिकत नाही. वेगाने हलणाऱ्या यंत्रात काय हलू द्यायचे नाही याचा निर्णय रचनाकाराला आधी करावा लागतो, आणि रायफलीची अचूकता त्या निर्णयावर उभी असते.