घडीचा नकाशा
गिर्यारोहणाचं जुनं पुस्तक हाती आलं की मी आधी मागची पानं उघडतो. घडीचा नकाशा शाबूत असला की विक्रेता किमतीवर अडून बसतो. फाटका असला तर जरा नरमतो.

एव्हरेस्टच्या पहिल्या तीन ब्रिटिश मोहिमांची तीन पुस्तकं संग्राहकांना एकत्र हवी असतात. तिसऱ्यात, म्हणजे १९२४च्या मोहिमेत, मॅलरी आणि आयर्विन हरवतात. साहजिकच त्याची चर्चा जास्त. मला ओढ दुसऱ्याची, १९२३ साली छापलेल्या ‘द असॉल्ट ऑन माउंट एव्हरेस्ट, १९२२’ची. ७ जून १९२२ला नॉर्थ कोलच्या उतारावर ताजा बर्फ घसरला आणि ओझी वाहणारे सात जण गेले. साहेब सगळे वाचले. त्यांच्यातल्याच सॉमरवेलने, आपल्यापैकी एकही त्या सातांबरोबर का गेला नाही, ही टोचणी ‘आफ्टर एव्हरेस्ट’मध्ये लिहिली. ते पुस्तक १९३६चं. माझ्या कपाटात ही दोन्ही शेजारी आहेत, मुद्दामच.

आणि ओझी वाहणाऱ्यांचं स्वतःचं पुस्तक? १९५०च्या अन्नपूर्णा मोहिमेचे सरदार आंग थारके. मोहिमेचा नेता हर्झोग याचं फ्रेंच पुस्तक १९५१ला आलं, १९५२ला इंग्रजीतही. आंग थारकेंनी सांगितलेल्या आठवणी १९५४ला पॅरिसमध्ये फ्रेंचमध्ये छापल्या गेल्या. इंग्रजीत यायला २०१६ उजाडलं. शिखरापर्यंत सोबत चल, असं हर्झोगने त्यांना विचारलं होतं. पाय गारठू लागलेत, म्हणून ते खाली उतरले. पुढे बोटं गमावली ती हर्झोगने.

१९५४ची ती फ्रेंच प्रत मी अजून शोधतोय. तिच्यात नकाशा नसला तरी चालेल.