करमुक्त म्हातारपण

"करमुक्त" हा शब्द नोकरदार माणसाला फार गोड लागतो. फेब्रुवारी उजाडला की शाळाशाळांच्या स्टाफरूममध्ये कर वाचवण्याच्या गप्पा रंगतात. एरवी दोन रुपये किलोमागे वाचावेत म्हणून आख्खा बाजार फिरणारा माणूस, कर वाचतो एवढे ऐकले की पंधरा वर्षांसाठी पैसे अडकवून मोकळा होतो.

हल्ली आमच्या वाशीमकडचे तरुण शिक्षक मला विचारतात, "सर, म्हातारपणासाठी पैसे कुठे ठेवावेत? पीपीएफ बरा की इंडेक्स फंड? करमुक्त कोणते?" मी काही गुंतवणूक सल्लागार नव्हे. आयुष्यभर इतिहास शिकवला. तेव्हा उत्तरही इतिहासातूनच शोधणे मला जमेल.

आमच्या भागाचा शेअर बाजाराशी संबंध वाटतो त्यापेक्षा जुना आहे. कारंजा लाड ही आमच्या जिल्ह्यातली कापसाची जुनी पेठ. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्या पैशातून समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या, आणि त्यांच्या शेअरांमागे अवघी मुंबई धावू लागली. प्रेमचंद रायचंद हे या खेळातले सर्वांत मोठे नाव. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ ला, सौदे पुरे करण्याच्या दिवशी, पैसे द्यायला कोणाजवळच काही उरले नव्हते. बँक ऑफ बॉम्बेसारखी सरकारी भांडवल असलेली बँकसुद्धा त्यात बुडाली. मुंबईचा शेअर बाजार दलालांची संस्था म्हणून रीतसर उभा राहिला तो त्यानंतर दहा वर्षांनी, १८७५ मध्ये.

साधा माणूस या प्रकारापासून पुढची शंभर वर्षे लांब राहिला, यात नवल नाही. त्याचा विश्वास पोस्टावर. पोस्टाची बचत बँक १८८२ पासूनची. आणि १९६८ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे आपल्या पीपीएफचा, कायदा झाला. ज्याला नोकरीतला प्रॉव्हिडंट फंड नाही अशा वकिलाला, दुकानदाराला, शेतकऱ्यालाही म्हातारपणाची सोय करता यावी, ही त्यामागची कल्पना. पैसे भरताना करात सवलत, व्याजावर कर नाही, शेवटी हाती येणाऱ्या रकमेवरही कर नाही. तिहेरी करमुक्ती!

१९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत या खात्यावर १२ टक्के व्याज मिळाले. आमच्या पिढीला वाटले, हे असेच चालायचे. गणिताच्या मास्तरांनी फळ्यावर मांडून दाखवावे इतका सोपा हिशेब होता: १२ टक्क्यांनी पैसे सहा वर्षांत दुप्पट. मग दर ११ झाला, साडेनऊ झाला, २००३ मध्ये ८ वर आला. मध्ये थोडा वर चढला आणि एप्रिल २०२० पासून ७.१ झाला. या दराने दुपटीला दहा वर्षे लागतात. करमुक्ती तशीच राहिली, पण ज्या रकमेवर ती मिळायची ती रक्कमच सावकाश वाढू लागली. व्याजाचा दर सरकार ठरवते आणि तो पंधरा वर्षांसाठी बांधलेला नसतो, ही गोष्ट खाते उघडताना फार थोड्यांच्या ध्यानात येते.

दुसरी कथा युनिट ट्रस्टची. १९६४ मध्ये निघालेली यूएस-६४ ही योजना म्हणजे मध्यमवर्गाची लाडकी. शेअर बाजारातला नफा हवा पण बाजाराची भीती नको, अशांसाठी ती होती. कितीतरी निवृत्तांनी आपली पुंजी तिच्यात ठेवली, कारण मागे सरकारचे नाव होते. पण युनिटची किंमत ट्रस्टने ठरवायची, आणि आत खरोखर किती मालमत्ता आहे हे गुंतवणूकदाराला कळायचे नाही. जुलै २००१ मध्ये योजनेची खरेदी-विक्री एकाएकी बंद केली गेली. पुढे सरकारला मदतीला यावे लागले आणि २००३ मध्ये अनेकांच्या युनिटांच्या जागी पावणेसात टक्क्यांचे पाच वर्षांचे रोखे आले. ते मात्र करमुक्त होते!

गंमत अशी की ज्या १९९८ साली यूएस-६४ च्या दुखण्याची पहिली जाहीर चर्चा झाली, त्याच साली याच युनिट ट्रस्टने देशातल्या पहिल्यावहिल्या इंडेक्स फंडांपैकी एक काढला. (आमचा वाशीम जिल्हाही त्याच वर्षी अकोल्यापासून वेगळा झाला.) इंडेक्स फंडाची कल्पना अगदी साधी. कोणता शेअर वाढेल हे शोधत बसायचे नाही. निर्देशांकात जेवढ्या कंपन्या आहेत तेवढ्या सगळ्या, त्याच प्रमाणात घ्यायच्या. अमेरिकेत जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये सामान्यांसाठी असा फंड काढला तेव्हा लोक हसले. पंधरा कोटी डॉलर जमतील अशी आशा होती, जमले सव्वा कोटीसुद्धा नाहीत. बोगल यांचा मुद्दा खर्चाचा होता. तो आपणही करून पाहू. एक लाख रुपये ३० वर्षे १० टक्क्यांनी वाढले तर साडेसतरा लाखांच्या आसपास होतात. दर वर्षी एक टक्का फंडाच्या खर्चात गेला, तर सव्वातेरा लाख. एका टक्क्याने जवळजवळ चौथा हिस्सा नेला. कराबद्दल इतके जागरूक असणारे आपण या खर्चाकडे पाहतही नाही.

आणि करमुक्ती? ऑक्टोबर २००४ पासून वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या शेअर-फंडांचा नफा आपल्याकडे करमुक्त होता. एप्रिल २०१८ पासून एक लाखावरच्या नफ्यावर १० टक्के कर आला, जुलै २०२४ पासून सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा. म्हणजे ही करमुक्ती साडेतेरा वर्षे टिकली. पंचविशीतल्या शिक्षकाला तर पस्तीस वर्षे काढायची आहेत. एवढ्या काळात किती अर्थमंत्री येतील, कोण सांगणार?

या साऱ्याला आज धार आली आहे ती एका तारखेमुळे. १ नोव्हेंबर २००५ आणि त्यानंतर राज्याच्या सेवेत लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ मध्ये "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले ते काही हौसेने नव्हे. २०२४ मध्ये केंद्राने आणि पाठोपाठ राज्याने हमी असलेल्या पेन्शनकडे काही पावले मागे वळवली. पण विनाअनुदानित शाळेत राबणाऱ्या शिक्षकाला त्यातले काय मिळणार? आमच्या पिढीला पेन्शन म्हणजे सरकारचा शब्द होता. किती वर्षे जगू, बाजार कसा असेल, महागाई किती वाढेल, ही काळजी सरकारची. त्यांच्या हाती आहे फक्त एक खाते, आणि ही सगळी काळजी त्यांची स्वतःची.

म्हणून मी त्यांना एवढेच सांगतो. "करमुक्त आहे का" हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारा, पैसे कधी लागणार? खर्च किती? आत काय आहे ते दिसते का? सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर होता, ऑक्टोबरात ८ हजारांच्या खाली गेला. पुढे तो कैक पटींनी वाढला, पण २००८ च्या दिवाळीत ज्याला मुलीचे लग्न करायचे होते त्याला त्याचा काय उपयोग? जपानच्या निर्देशांकाला १९८९ ची उंची पुन्हा गाठायला २०२४ उजाडले. तेव्हा लांबच्या वर्षांसाठी स्वस्तातला इंडेक्स फंड, जवळच्या वर्षांसाठी पीपीएफ, आणि निवृत्ती जवळ येईल तसतसे पहिल्यातून थोडे थोडे दुसऱ्यासारख्या सुरक्षित जागी. आमच्याकडचा शेतकरी कापसात तुरीचे तास घालतो. एक गेले तर दुसरे हाती लागते, हे त्याला कोणी कॉलेजात शिकवलेले नाही.

एक काम मात्र कोणताही फंड करू शकत नाही. माणूस नव्वदीपर्यंत जगला तर त्याला दर महिन्याला पैसे पोचवण्याचा शब्द फंड देत नाही. तो शब्द आम्हाला मिळाला होता. आमच्यामागून त्याच वर्गांत, त्याच खडूने शिकवणाऱ्यांना तो का मिळू नये, याचे उत्तर माझ्या इतिहासाच्या पुस्तकात मला सापडलेले नाही.