नावातले आश्वासन

घाटकोपरला गर्दीत लोकलचा दांडा धरताना उजव्या खांद्यातून कळ गेली. एमआरआयमध्ये दिसले, रोटेटर कफची कंडरा अर्धवट फाटली आहे. उपनगरातल्या एका दवाखान्याने ‘स्टेम सेल’चे इंजेक्शन सुचवले. मी डॉक्टर नाही. पण शब्दांचा माग काढायची सवय आहे.

अस्थिमज्जेतल्या या पेशींचे ‘मेसेंकायमल स्टेम सेल’ हे नाव आर्नल्ड कॅप्लान यांनी १९९१मध्ये रूढ केले. २०१७मध्ये त्यांनीच ते बदलायला सांगितले. कारण या पेशी स्वतः नवी ऊती घडवण्यापेक्षा रसायने स्रवून दुरुस्तीचे संकेत देतात.

फ्रान्सच्या फिलिप एर्निगू यांनी २०१४मध्ये निष्कर्ष मांडले. कंडरा शिवताना मज्जापेशी दिलेल्या ४५ रुग्णांपैकी ८७ टक्क्यांची शिवण दहा वर्षांनी शाबूत होती. पेशी न दिलेल्या तितक्याच रुग्णांत ४४ टक्क्यांची. आशादायकच. पण तिथे शस्त्रक्रिया होती, नुसती सुई नव्हे.

मुंबईला मूळपेशींचा खरा विजय ठाऊक आहे. परळच्या टाटा रुग्णालयात १९८३मध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. तिथे मूळपेशी खरोखरच नवे रक्त घडवतात. त्या यशाची पुण्याई खांद्याच्या जाहिरातीला आयती मिळते. ‘आयसीएमआर’ची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे मात्र रक्तविकारांसारख्या ठरावीक आजारांनाच मान्यता देतात, बाकी वापर नोंदणीकृत चाचणीतच.

मी दवाखान्यात चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारला. त्यांनी दरपत्रक पुढे केले. सध्या व्यायाम चालू आहे.