शिकाऊ उमेदवारी

शिकाऊ उमेदवारी : एखादा हस्तव्यवसाय, धंदा अथवा तांत्रिक काम प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी, त्या कामातील जाणत्याच्या देखरेखीखाली आणि ठराविक मुदतीच्या कराराने शिकण्याची पद्धत. या करारात शिकणारा तरुण व शिकविणारा मालक असे दोन पक्ष असतात. आधुनिक काळात शासन हा तिसरा पक्ष त्यात आला. ‘उमेदवार’ हा शब्द फार्सी ‘उमेद’ म्हणजे आशा या शब्दावरून मराठीत रूढ झाला. कायम जागा मिळेल या आशेवर कचेरीत बिनपगारी किंवा नाममात्र वेतनावर राबणाऱ्यास पूर्वी उमेदवार म्हणत. शिकण्याच्या काळात केलेल्या कामाचे फळ कोणाचे आणि शिकविण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, या प्रश्नाभोवतीच या संस्थेचा इतिहास फिरतो. उमेदवार हा विद्यार्थी की स्वस्त मजूर, हा वाद त्यातूनच निर्माण झाला आणि निरनिराळ्या काळांतील कायद्यांनी त्याला निरनिराळी उत्तरे दिली.

प्राचीन भारत : येथील कारागिरी मुख्यतः कुटुंबात व जातीत परंपरेने चालत आली असली, तरी बाहेरच्या मुलाने आचार्याकडे राहून शिल्प शिकण्याची पद्धतही स्मृतिकारांना परिचित होती. अशा विद्यार्थ्यास ‘अंतेवासी’ म्हणत. नारद  स्मृतीनुसार त्याने आप्तांच्या अनुमतीने, राहण्याची मुदत आधी ठरवून आचार्याकडे जावे. आचार्याने त्याला आपल्या घरी जेवू घालून शिकवावे, मुलाप्रमाणे वागवावे व शिल्पाखेरीज दुसरे काम त्याच्याकडून करून घेऊ नये. निर्दोष आचार्यास सोडून जाणाऱ्या शिष्यास मात्र सक्तीने परत आणण्याची व शिक्षेची तरतूद होती. शिष्याने विद्या लवकर आत्मसात केली, तरी त्याने ठरलेली मुदत पुरी करावी आणि त्या काळातील त्याच्या कामाचे उत्पन्न आचार्यास मिळावे, असे नारद व याज्ञवल्क्य या दोघांचेही मत आहे. शिकविण्याचा मोबदला उमेदवाराच्या उत्तरार्धातील श्रमांतून वसूल होतो, हे तत्त्व येथे स्पष्टपणे मान्य केलेले दिसते. कात्यायनाने याची दुसरी बाजूही सांगितली आहे. जो आचार्य शिल्प न शिकवता इतर कामे करवून घेतो तो दंडास पात्र होतो आणि शिष्यास त्याला सोडून जाण्याची मुभा मिळते. कात्यायनाचा मूळ ग्रंथ उपलब्ध नाही. निबंधग्रंथांतील अवतरणांवरून महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी त्याचा व्यवहारविषयक भाग संकलित करून १९३३ मध्ये प्रसिद्ध केला.

यूरोप : मध्ययुगीन यूरोपात कारागिरांच्या श्रेणींनी उमेदवारीचे नियमन केले. मुलाचा बाप करारपत्र करून देई व अनेकदा धन्यास शिकविण्याबद्दल रक्कमही देई. धनी मुलास अन्न, वस्त्र व निवारा पुरवी. मुदत संपल्यावर उमेदवार रोजंदारीचा कारागीर होई आणि पुढे कसोटीस उतरल्यास स्वतः धनी बनू शके. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कारागीरविषयक अधिनियमाने सात वर्षांची उमेदवारी बंधनकारक केली. ती पुरी न करणाऱ्यास तो धंदा करता येत नसे. ॲडम स्मिथ याने १७७६ मध्ये या व्यवस्थेवर कठोर टीका केली. इतकी दीर्घ मुदत शिकण्यासाठी अनावश्यक असून ती स्पर्धा रोखण्यासाठी आहे, असा त्याचा मुख्य आक्षेप होता.

औद्योगिक क्रांतीने ही पद्धत आतूनच पोखरली. यंत्रावरील काम थोड्या दिवसांत शिकता येऊ लागले, तरी ‘उमेदवार’ हे नाव टिकून राहिले. निराधार मुलांचा भार नको म्हणून पॅरिशचे अधिकारी त्यांना उमेदवार म्हणून दूरच्या सूतगिरण्यांकडे पाठवीत. या मुलांसाठी १८०२ मध्ये झालेल्या कायद्याने त्यांचे काम दिवसाला बारा तासांपुरते मर्यादित केले, रात्रपाळी बंद करण्याचे ठरविले आणि पहिली चार वर्षे लेखन, वाचन व अंकगणित शिकविण्याचे बंधन घातले. परंतु अंमलबजावणीच्या यंत्रणेअभावी त्याचा फारसा उपयोग झाला नाही. १८१४ मध्ये सात वर्षांच्या उमेदवारीची सक्तीही रद्द झाली.

जर्मनीत वेगळी वाट चोखाळली गेली. तेथे १८९७ च्या कायद्याने कारागिरांच्या मंडळांना उमेदवारीचे नियमन व परीक्षा यांचे अधिकार दिले. म्यूनिकमध्ये गेओर्ख केर्शेनश्टाइनर या शिक्षणतज्ञाने १९०० पासून उमेदवारांसाठीच्या पूरक शाळांची धंदेवार पुनर्रचना केली. आठवड्यातील काही दिवस कारखान्यात व एकदोन दिवस शाळेत शिकण्याची ‘द्विदल पद्धत’ यातून विकसित झाली व १९६९ च्या व्यवसायशिक्षण अधिनियमाने तिला एकसूत्री रूप मिळाले. कारखान्यातील खर्च मालक व शाळेचा खर्च शासन सोसते. अभ्यासक्रम ठरविण्यात कामगार संघटनांचाही वाटा असतो आणि परीक्षा उद्योगमंडळे घेतात. उमेदवार एका मालकाकडे शिकला तरी त्याचे प्रमाणपत्र देशभर मानले जाते.

ब्रिटिश अंमल : भारतातील पहिला उमेदवारीविषयक कायदा १८५० चा होय. त्याचा रोख मुख्यतः अनाथ व धर्मादायावर वाढलेल्या मुलांना धंदेशिक्षण देण्यावर होता. दहा ते अठरा वर्षे वयाच्या मुलास पित्याने वा पालकाने कराराने धन्याकडे ठेवावे, मुदत सात वर्षांहून अधिक नसावी आणि ती मुलाच्या वयाच्या एकविसाव्या वर्षापलीकडे जाऊ नये, असे त्यात म्हटले होते. इंग्लंडातील दारिद्र्यविषयक कायद्याची छाप त्यावर स्पष्ट दिसते. रेल्वेच्या आगमनानंतर मात्र कुशल कामगारांची खरी गरज भासू लागली आणि जमालपूर (स्थापना १८६२) यांसारख्या रेल्वे कारखान्यांत उमेदवार घेण्याची प्रथा पडली. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था गिरणी व यंत्र उद्योगांची गरज डोळ्यांसमोर ठेवून स्थापन झाली.

मुंबईच्या कापडगिरण्यांतील बहुसंख्य कामगारांना मात्र असे कोणतेही शिक्षण मिळाले नाही. कोकणातून व घाटावरून आलेला तरुण आपल्या भाऊबंदाच्या शेजारी उभा राहून साचा चालविण्यास शिके. या काळातील त्याचा खर्च त्याचे नातलग सोसत आणि काम मिळविण्यासाठी जॉबरला ‘दस्तुरी’ द्यावी लागे. त्यानंतरही तो प्रथम ‘बदली’ म्हणून, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभा राही. जॉबरच्या या सत्तेवर कामगारविषयक शाही आयोगाने (१९२९–३१) टीका केली व १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणी मालक संघाने बदली कामगारांच्या नोंदणीची योजना सुरू केली. गिरणीमालकांना शिकलेला कामगार मिळत होता. त्याच्या शिकण्याचा खर्च मात्र चाळीतील कुटुंबांनी उचलला होता.

मालकाने शिक्षणाची जबाबदारी स्वतः घेतल्याचे एक ठळक उदाहरण जमशेटपूर येथे आढळते. टाटांच्या पोलाद कारखान्याने तेथे १९२१ मध्ये तांत्रिक शिक्षणसंस्था सुरू केली. दुसऱ्या महायुद्धात शासनाने युद्धोद्योगांसाठी तंत्रज्ञ तयार करण्याची योजना आखली आणि १९४१ पासून ‘बेव्हिन योजने’खाली काही भारतीय कामगारांना ब्रिटनमध्ये प्रशिक्षणासाठी पाठविण्यात आले.

स्वातंत्र्योत्तर काळ व १९६१ चा अधिनियम : १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली व देशभर औद्योगिक प्रशिक्षण संस्था (आय. टी. आय.) निघाल्या. संस्थेतील कर्मशाळेत शिकलेला विद्यार्थी प्रत्यक्ष उत्पादनाच्या वेगाला व शिस्तीला अपरिचित राहतो, हे लवकरच ध्यानात आले. उमेदवारीची राष्ट्रीय योजना प्रथम ऐच्छिक स्वरूपात राबविण्यात आली. परंतु मालकांचा प्रतिसाद अपुरा पडल्याने संसदेने १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवार अधिनियम संमत केला. तो १ मार्च १९६२ पासून अंमलात आला. निर्दिष्ट व्यवसायांत कामगारांच्या संख्येच्या ठराविक प्रमाणात उमेदवार घेणे मालकांना बंधनकारक झाले. किमान वय चौदा वर्षे, कराराची नोंदणी, पूरक सैद्धांतिक शिक्षण, विद्यावेतन व अखेरीस राष्ट्रीय पातळीवरील परीक्षा ही त्याची मुख्य अंगे होत. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकी पदवीधर व पदविकाधारक, तर १९८६ च्या दुरुस्तीने बारावीच्या व्यवसायशाखेचे विद्यार्थी त्याच्या कक्षेत आले. १९७३ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती व जमाती यांच्यासाठी जागा राखून ठेवण्याची तरतूदही झाली. महाराष्ट्रात पिंपरी–चिंचवड पट्ट्यातील टेल्कोसारख्या मोठ्या कारखान्यांनी स्वतःची प्रशिक्षण केंद्रे चालविली.

या अधिनियमाची दोन कलमे विशेष महत्त्वाची ठरली. कलम १८ नुसार उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असून कामगार नव्हे. त्यामुळे सामान्यतः कामगार कायदे त्यास लागू होत नाहीत. सुरक्षितता, आरोग्य व अपघाताची भरपाई यांविषयीचे संरक्षण मात्र त्यास मिळते. कलम २२ ने मुदत संपल्यावर त्यास नोकरी देण्याचे बंधन मालकावर घातले नाही. पहिल्या कलमामुळे शिक्षणाचे स्वरूप टिकावे आणि दुसऱ्यामुळे मालकास भार वाटू नये, असा हेतू होता. व्यवहारात मात्र एका तुकडीची मुदत संपताच दुसरी तुकडी घेऊन नेहमीचे काम उमेदवारांकडून भागविणे काही मालकांना शक्य झाले. उलट शिकविण्याचा खर्च नको म्हणून अनेकांनी जागाच भरल्या नाहीत. उत्तर प्रदेशातील परिवहन महामंडळाच्या उमेदवारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये निर्णय दिला, की इतर बाबी समान असतील, तर बाहेरून येणाऱ्यांपेक्षा प्रशिक्षित उमेदवारास प्राधान्य द्यावे. नोकरीचा हक्क मात्र न्यायालयाने मान्य केला नाही.

२०१४ च्या दुरुस्तीने अधिनियमातील कारावासाची तरतूद काढून केवळ दंड ठेवला, अभियांत्रिकीबाहेरील पदवीधरांनाही प्रवेश दिला आणि मालकाने उमेदवारांच्या भरतीविषयी स्वतःचे धोरण ठरवावे असे म्हटले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा कमाल १,५०० रुपये, केंद्र शासनाने देण्याचे ठरले. २०१९ च्या नियमांनी तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणे बंधनकारक केले व किमान विद्यावेतन शिक्षणानुसार ५,००० ते ९,००० रुपये ठरविले.

अलीकडील योजना : २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’ सुरू केली. तीत बारावी उत्तीर्ण तरुणास ६,०००, आय. टी. आय. वा पदविकाधारकास ८,००० व पदवीधरास १०,००० रुपये मासिक विद्यावेतन शासनाने द्यावयाचे आणि आस्थापनेने सहा महिने कामाचा अनुभव द्यावयाचा, अशी मूळ आखणी होती. शासकीय कार्यालयांतही असे प्रशिक्षणार्थी नेमण्यात आले आणि मुदत संपत आल्यावर त्यांच्याकडून सेवेत सामावून घेण्याची मागणी पुढे आली. त्याच वर्षी केंद्र शासनाने पाचशे आघाडीच्या कंपन्यांत एक वर्षाच्या अनुभवाची योजना प्रायोगिक स्वरूपात आरंभिली. तीत दरमहाच्या ५,००० रुपयांपैकी ४,५०० रुपये शासन व ५०० रुपये कंपनी देईल असे ठरले. १९६१ च्या अधिनियमात खर्चाचा मुख्य भार मालकावर होता. या योजनांत तो बहुतांशी शासनाकडे आला आहे. मालकाचा खर्च कमी झाल्याने जागा वाढतात हे खरे. परंतु ज्याने काही गुंतविलेले नाही, त्यास शिकविण्याची निकड वाटेलच असे नाही.

मूल्यमापन : उमेदवारी कोठे यशस्वी झाली हे पाहता काही अटी ध्यानात येतात. कोणते कौशल्य किती मुदतीत शिकवावयाचे हे करारात स्पष्ट असावे लागते. परीक्षा मालकाखेरीज अन्य संस्थेने घ्यावी लागते. प्रमाणपत्राला त्या मालकाच्या दाराबाहेरही किंमत असावी लागते आणि शिकविणाऱ्या कुशल कामगारास त्यासाठी वेळ मिळावा लागतो. यांपैकी एकही अट सुटली, की शिक्षण मागे पडून केवळ श्रम उरतात. शिल्प न शिकविणाऱ्या आचार्यास दंड व शिष्यास मुक्तता, हा कात्यायनाचा नियम उमेदवाराचे हित थेट जपणारा होता. भारतीय अधिनियमातही मालकाने अटी मोडल्यास करार संपविण्याची व भरपाईची तरतूद आहे. परंतु प्रमाणपत्र व पुढील नोकरी या दोन्हींसाठी मालकावर अवलंबून असलेला तरुण तक्रार करण्यास सहसा धजत नाही. त्यामुळे तरतुदीइतकेच स्वतंत्र व नियमित तपासणीला महत्त्व आहे.