खंडशः प्रकाशन आणि मराठीतील संशोधनाची परंपरा

१

मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे यांतील संशोधनाचा इतिहास लिहिताना आपण बहुधा ग्रंथांचा व ग्रंथकारांचा इतिहास लिहितो. ते ग्रंथ वाचकांपर्यंत कोणत्या रूपाने गेले, एकदम गेले की थोडेथोडे, त्यांचा खर्च कोणी सोसला, आणि छापून झाल्यावर त्यांना उत्तर कोठून व किती दिवसांनी आले, या गोष्टी छापखान्याच्या व्यवहारातील म्हणून बाजूला राहतात. वस्तुतः त्यांचा संशोधनाच्या पद्धतीशी निकटचा संबंध आहे. महाराष्ट्रात ऐतिहासिक व वाङ्मयीन साधने खंडशः, म्हणजे मासिकांच्या अंकांतून, लहान पुस्तिकांतून व संस्थांच्या वृत्तांतून, प्रसिद्ध होऊ लागली ती प्रथम द्रव्याच्या अभावी. परंतु या अडचणीतूनच विधान व पुरावा एकत्र ठेवण्याची आणि दुसऱ्याच्या उत्तरासाठी जागा राखण्याची एक पद्धती येथे रूढ झाली. १८७८ ते १९६६ या काळातील काही सुपरिचित उदाहरणांच्या आधारे ही गोष्ट दाखवावी, आणि आजच्या अभ्यासकाला तिचा काय उपयोग आहे याचा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

या परंपरेचा आरंभ ‘काव्येतिहाससंग्रह’ या मासिकापासून मानावयास हरकत नाही. पुण्यात १८७८ च्या जानेवारीत निघालेल्या या मासिकाशी काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांची नावे कायमची जोडली गेली आहेत. बखरी, पत्रे, याद्या, संस्कृत व मराठी काव्ये असे अप्रकाशित वाङ्मय क्रमाने छापावयाचे, असा त्याचा संकल्प होता. एखादी बखर समग्र छापून विकावयाची तर भांडवल हवे, व ते भांडवल घालणारा प्रकाशक त्या काळी मिळणे कठीण. वर्गणीदारांच्या पैशावर महिन्याला थोडी पाने छापणे मात्र शक्य होते. मासिक फार वर्षे चालले नाही. तथापि त्यातील ऐतिहासिक लेखांची नवी आवृत्ती गोविंद सखाराम सरदेसाई प्रभृतींना १९३० मध्ये काढावीशी वाटली, यावरून त्या पानांचे मोल ध्यानात येते.

याच मार्गाने वासुदेव वामन खरे गेले. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकविणाऱ्या या गृहस्थाने पटवर्धनांच्या दफ्तरांतील कागद वाचून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ मासिकरूपाने काढण्यास प्रारंभ केला. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले तोपर्यंत त्याचे बारा भाग झाले होते. खऱ्यांनी नुसती पत्रे छापली नाहीत. पत्रांच्या आधी त्या त्या प्रकरणाची हकीकतही ते लिहीत. त्यामुळे हकीकत वाचून शंका आली तर वाचकाला पाने उलटून मूळ पत्र पाहता येई. विधान करणारा आणि त्या विधानाची परीक्षा करू देणारा असे दोघेही एकाच पुस्तकात भेटत.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. पानिपतपूर्व दशकातील पत्रव्यवहार त्यात आहे. त्याच्या विस्तृत प्रस्तावनेत राजवाड्यांनी बखरींतील कालविपर्यास समकालीन पत्रांच्या साह्याने दाखविला. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बखरी आधी छापल्या गेल्या होत्या म्हणूनच त्या पत्रांशी ताडून पाहणे सर्वांना शक्य झाले. पहिल्या पिढीचे प्रकाशन हे दुसऱ्या पिढीच्या खंडनाचे साधन ठरले, आणि यात पहिल्या पिढीचा अवमान झाला असे कोणी मानले नाही.

३

वैयक्तिक उद्योगाला संस्थेचे रूप आले ते ७ जुलै १९१० रोजी. राजवाडे व सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी त्या दिवशी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. सभेत निबंध किंवा कागद वाचावयाचे, त्यांवर चर्चा व्हावयाची, आणि मग ते इतिवृत्तांतून, संमेलनवृत्तांतून व पुढे त्रैमासिकातून छापावयाचे, अशी मंडळाची रीत होती. एखाद्या खेड्यातील देशमुखाच्या घरचा चार ओळींचा कागदही तेथे छापला जाई. असा कागद स्वतंत्र ग्रंथाचा विषय होऊ शकत नाही. परंतु तो छापला नाही तर पुढच्या ग्रंथाचा पायाच कच्चा राहतो.

या पद्धतीचे फळ पाहावयाचे तर शिवजन्मतिथीच्या वादाकडे पाहावे. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे १६२७ मध्ये, झाला असे बखरींच्या आधारे मानले जात असे. भोर संस्थानातील कारी येथील जेधे घराण्याकडील शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात प्रसिद्ध केली. तीत शके १५५१ फाल्गुन वद्य ३, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी आढळली. केवळ एका घराण्याच्या टिपणावरून रूढ मत सोडावे काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित झाला. पुढे सदाशिव महादेव दिवेकर यांनी कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ १९२७ मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्या समकालीन संस्कृत काव्यातही तीच तिथी मिळाली. महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली ती २००१ मध्ये.

या वादात कोणाची बाजू खरी ठरली याहून तो कसा चालला हे येथे अधिक महत्त्वाचे आहे. टिळकांनी आपला निष्कर्ष जाहीर करून शकावली स्वतःच्या कपाटात ठेविली असती, तर वाद व्यक्तींचा झाला असता. कागद सर्वांसमोर आल्यामुळे तो पुराव्याचा झाला. पुढे दुसरा पुरावा आला, तेव्हा तो कोणत्या ओळीशी ताडावयाचा हे प्रत्येक अभ्यासकाला ठाऊक होते.

४

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे खंडशः प्रकाशनाचे सर्वांत मोठे उदाहरण होय. ६ जुलै १९१७ रोजी स्थापन झालेल्या या संस्थेने १ एप्रिल १९१९ रोजी कार्यास प्रारंभ केला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लक्ष रुपयांचे साह्य देऊ केले होते. एवढा आधार असतानाही संस्थेने समग्र ग्रंथ एकदम काढण्याचा आग्रह धरला नाही. १९२३ मध्ये नारायण बापूजी उत्गीकर यांनी संपादिलेले विराटपर्व ‘तात्पुरती आवृत्ती’ म्हणून छापण्यात आले, आणि विद्वानांनी त्यावर अभिप्राय द्यावेत अशी विनंती करण्यात आली. छापील ग्रंथाला ‘तात्पुरता’ म्हणण्यास जे धैर्य लागते त्याची कल्पना ग्रंथलेखन केलेल्या कोणालाही येईल.

१९२५ मध्ये विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाले. बर्लिन येथे हाइन्रिख ल्यूडर्स यांच्यापाशी त्यांचे शिक्षण झालेले. त्यांनी आदिपर्व हाती घेतले व त्याची पहिली पुस्तिका १९२७ मध्ये काढली. पर्व पूर्ण झाले १९३३ मध्ये. मधल्या वर्षांत पुस्तिका वाचून देशोदेशीचे विद्वान आक्षेप घेत होते, आणि सुखटणकर नियतकालिकांतून त्यांना उत्तरे देत होते. वाल्टर रूबेन या जर्मन विद्वानाच्या आक्षेपांना त्यांनी १९३० मध्ये दिलेले सविस्तर उत्तर आजही पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. म्हणून १९३३ च्या प्रस्तावनेत जी तत्त्वे सुव्यवस्थित रूपाने दिसतात, त्यांच्यामागे अनेक वर्षांचा सार्वजनिक वादविवाद उभा आहे. पर्व छापून झाल्यावर नेपाळातील एक जुनी ताडपत्री पोथी उपलब्ध झाली, तेव्हा तिच्याशी आपली संहिता ताडून सुखटणकरांनी त्याचाही निष्कर्ष स्वतंत्र लेखाने प्रसिद्ध केला.

१९४३ मध्ये सुखटणकर वारले. पुढे श्रीपाद कृष्ण बेलवलकर व परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी प्रमुख संपादकाची धुरा वाहिली. सभापर्व अमेरिकेतील फ्रँक्लिन एजर्टन यांनी, उद्योगपर्व बंगालमधील सुशीलकुमार डे यांनी संपादिले. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन् यांच्या हस्ते कार्यपूर्तीचा समारंभ झाला. सत्तेचाळीस वर्षे व तीन प्रमुख संपादक एवढा पल्ला गाठूनही पद्धती एकच राहिली, याचे कारण असे की प्रत्येक पानावर स्वीकृत पाठाखाली टाकलेले पाठही छापलेले आहेत. संपादकाचा निर्णय अमान्य असलेल्या वाचकाला पर्यायी पाठ त्याच पानावर मिळतो.

५

भाषेच्या अभ्यासकाला या पद्धतीच्या अभावी काय घडते याची दोन उदाहरणे चांगली परिचित आहेत. राजवाड्यांनी बीडजवळील पाटांगण येथे मिळालेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी १९०९ मध्ये प्रसिद्ध केली आणि त्याच संहितेच्या आधारे तिच्या भाषेचे व्याकरण रचिले. ही पोथी एकनाथपूर्व आहे असे त्यांचे मत होते. व्याकरण बुद्धिमत्तेने भरलेले आहे यात संशय नाही. परंतु मूळ पोथी आज उपलब्ध नाही. त्यामुळे एखादे प्रत्ययरूप लेखकाचे, लेखनिकाचे की वाचकाचे, हा प्रश्न पडला असता राजवाड्यांच्या शब्दापलीकडे जाता येत नाही. कागदपत्रांच्या बाबतीत ज्या संशोधकाने पुराव्याचा आग्रह धरला, त्याच्याच या कृतीत पुराव्याची साखळी तुटावी, ही मराठी भाषेच्या इतिहासाची मोठी हानी होय.

दुसरे उदाहरण ज्यूल ब्लॉक यांचे. मराठीच्या घडणीवरील त्यांचा फ्रेंच ग्रंथ पॅरिसमध्ये १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. मराठीच्या शास्त्रशुद्ध ऐतिहासिक अभ्यासाचा तो पाया आहे. वासुदेव गोपाळ परांजपे यांचे मराठी भाषांतर १९४१ मध्ये आले, आणि इंग्रजी भाषांतर १९७० मध्ये. (हेच परांजपे महाभारताच्या स्त्रीपर्वाचे संपादक होत.) ज्या भाषेविषयी ग्रंथ लिहिला तिच्या बहुसंख्य जाणकारांना तो वीसएक वर्षे वाचता आला नाही. ग्रंथ उत्तम होता. पण पोथ्या व शिलालेख ज्यांच्या हाताखाली होते त्यांच्याकडून त्याला जे उत्तर त्वरित मिळावयास हवे होते, ते मिळाले नाही.

याउलट शिलालेखांचे पाहावे. अनेक मराठी लेख प्रथम नियतकालिकांतून सुटे सुटे प्रसिद्ध झाले. शंकर गोपाळ तुळपुळे यांनी त्यांची पुन्हा छाननी करून ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा ग्रंथ १९६३ मध्ये पुणे विद्यापीठातर्फे प्रसिद्ध केला. श्रवणबेळगोळ येथील लेख दीर्घकाळ आद्य मानला जात असे. तुळपुळे यांनी आक्षी येथील लेखाचा शक ९३४ (१०१२) असा वाचून त्याला अग्रस्थान दिले. त्या वाचनाविषयी मतभेद झाले. सोलापूर जिल्ह्यातील कुडल येथील शके ९४० (१०१८) चा लेख आनंद कुंभार यांनी उजेडात आणल्यावर हा प्रश्न पुन्हा विचारात घ्यावा लागला. ‘आद्य’ हा शब्द येथे कोणाच्या मालकीचा राहिलेला नाही. विज्ञानात असे होणे आपण स्वाभाविक मानतो. भाषेच्या इतिहासातही ते होऊ शकते, मात्र लेखाचा ठसा व वाचन दोन्ही छापलेली असली पाहिजेत.

६

खंडशः प्रकाशनाचे दोष दृष्टीआड करून चालणार नाही. साधने विखुरली जातात, सूची राहून जातात, संपादकाबरोबर माला बंद पडते. मंडळाची जुनी वृत्ते चाळताना एका कागदासाठी दिवस घालवावा लागतो, हा अनेकांचा अनुभव आहे. महत्त्वाचे व क्षुल्लक एकाच टाइपात छापले गेल्याने तारतम्य सुटते, हा आक्षेपही निराधार नाही. म्हणून सुटे प्रकाशन हे पुरेसे आहे असा प्रस्तुत लेखकाचा दावा नाही. तुळपुळे यांच्यासारखा संग्राहक व चिकित्सक पुढे यावाच लागतो. परंतु ज्याचा संग्रह करावयाचा तेच छापलेले नसेल, तर तो काय करील?

आज अडचण द्रव्याची कमी व मोजदादीची अधिक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकाच्या लेखांना गुणांक जोडले. पुढे मान्यताप्राप्त नियतकालिकांची ‘केअर’ यादी आली. तिचे मुख्य केंद्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ही यादी बंद केली व नियतकालिकांची पारख अध्यापक आणि संस्था यांच्यावर सोपविली. अशा गणनेत नवा लेख मोजला जातो; मात्र दुसऱ्याच्या वाचनातील एक अक्षर दुरुस्त करणारे अर्ध्या पानाचे टिपण, किंवा प्रस्तावनेसह छापलेला एखादा अप्रकाशित कागद, कोठल्या रकान्यात घालावा हे कोणाला सुचत नाही. परिणामी विद्यार्थी निष्कर्ष छापतो, आणि तो ज्यावर उभा आहे ती बोलीभाषेची टिपणे, पोथीची प्रत, मुलाखतींची लिखिते प्रबंधाच्या परिशिष्टात पडून राहतात. राजवाड्यांच्या पोथीचे जे झाले तेच त्यांचे होण्याचा संभव आहे.

पारख आता आपल्यावर सोपविली गेली असेल, तर ती कोणत्या कसोटीने करावयाची हे आपणच ठरविले पाहिजे. नियतकालिकाचे नाव व गुणांक यांच्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात, असे सुचवावेसे वाटते. लेखातील पुरावा वाचकाला पडताळता येतो काय? ज्यांच्याजवळ अधिक पुरावा असण्याचा संभव आहे त्यांच्या भाषेत तो पोहोचतो काय? आणि त्या नियतकालिकात उत्तराला जागा आहे काय? विभागीय पत्रिकांना या तिन्ही गोष्टी अल्प खर्चात साधता येतील. प्रत्येक अंकात एक अप्रकाशित साधन त्याच्या स्थळाच्या व धारकाच्या निर्देशासह द्यावे, संशयित अक्षरे संशयित म्हणूनच छापावीत, आणि मागील अंकांतील लेखांवरील दुरुस्त्या मूळ लेखाइतक्याच मानाने प्रसिद्ध कराव्यात. साने, खरे व उत्गीकर यांनी याहून अधिक काही केले नाही. परंतु त्यांच्यानंतर आलेल्यांना त्यांची चूक दाखविता आली, ती त्यांनी छापून ठेवलेल्या पानांमुळेच.