मांडामांड : एरियान 501

हिवरा आश्रमातल्या मुलांना सबक्लास शिकवताना एक प्रश्न हमखास येतो : सर, पॅरेंट क्लासचा कन्स्ट्रक्टर बोलावलाच नाही तर? सुरुवातीची मांडामांड होत नाही, प्रोग्राम पुढे कुठेतरी अडतो. पण मांडामांड बिनचौकशी जशीच्या तशी घेतली तर? त्यासाठी मी एरियान 501 या रॉकेट-उड्डाणाची गोष्ट सांगतो. (त्याच्या प्रोग्राममध्ये क्लास नव्हता, एडा भाषेतला वारशाने आलेला कोड होता.) तारीख 4 जून 1996. वेळा आपल्या इथल्या घड्याळाच्या.

17:05
फ्रेंच गयानातलं कुरू. तिथे सकाळचे 8:35. एरियान-5 चं पहिलं उड्डाण, आत चार क्लस्टर उपग्रह. दृश्यमानता कमी म्हणून उलटी मोजणी उणे 7 मिनिटांवर थांबते.

थांबलेला तास
यानाला दिशा सांगणारी यंत्रणा आधीच्या एरियान-4 रॉकेटची, कोडसकट. त्यातला, यंत्रणेची दिशा जुळवून घेणारा जुळवणीचा भाग उड्डाणापूर्वीचा, तरी यान सुटल्यावरही चालू राहणारा. एरियान-4 ची मोजणी ऐनवेळी थांबली असती, तर पुन्हा जुळवायला 45 मिनिटं लागली असती; ती वाचवण्यासाठी ही सोय. एरियान-5 ला त्याची गरज नव्हती. तरी ठेवला. नीट चाललेल्या कोडला कोण हात लावतो?

या कोडमध्ये सात वेगवेगळ्या आकड्यांचं रूपांतर धोक्याचं होतं. प्रोसेसरवरचा भार 80 टक्क्यांच्या आत हवा, म्हणून चौघांनाच संरक्षण दिलं. आडव्या वेगाशी बांधलेला आकडा उरलेल्या तिघांत. 64 बिटांचा तो आकडा 16 बिटांत बसवायचा, कमाल 32,767. एरियान-4 वर तो कधी तिथवर पोचणार नव्हता. एरियान-5 चा वेगळा उड्डाणमार्ग यंत्रणेच्या गरजपत्रकात घातला नाही. तसं सगळ्यांच्या संमतीनेच ठरलं होतं.

18:03:56
उड्डाण-अवस्था सुरू. जुळवणी अजून 50 सेकंद चालणार.

18:03:59
मुख्य इंजिन पेटतं. सुमारे 7 सेकंदांनी यान जमीन सोडतं.

18:04:35.7
आकडा मावत नाही. राखीव यंत्रणा बंद पडते. 0.05 सेकंदांनी मुख्य यंत्रणाही. यंत्र बिघडलं तर म्हणून दुसरी ठेवली होती; कोड दोघींत एकच.

मुख्य यंत्रणा जाता जाता दोषाचा तपशील पाठवते. यानाचा संगणक तो उड्डाणाची माहिती म्हणून वाचतो आणि नोझल टोकापर्यंत वळवतो.

18:04:38
समोरच्या हवेशी यानाचा कोन 20 अंशांहून जास्त. बूस्टर निखळू लागतात, स्वनाशाची यंत्रणा सुरू होते. उंची सुमारे 3,700 मीटर.

18:04:46
जुळवणीची 50 सेकंदं इथे भरली असती. तो भाग आपोआप थांबला असता.